बाहेरचा पंच

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी मारबत निघते. कागद-बांबूचं ते अगडबंब रूप इतवारीतल्या गल्ल्यांमधून डुलत येतं, पुढे ढोलताशे, मागे त्या वर्षीच्या पुढाऱ्यांची टर उडवणारे बडगे, आणि नेहरू पुतळ्यापाशी तिची पिवळ्या मारबतीशी गाठ पडते. वडिलांच्या खांद्यावर बसून मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा शेजारून आजीनं बोट दाखवलं होतं : "थे पाय, बाकाबाई!" दुसऱ्या रघूजी भोसल्यांची ही राणी इंग्रजांना मिळाली, राज्य घालवून बसली, म्हणून तिला दरसाल गावाबाहेर नेऊन जाळायचं, एवढा इतिहास मला शाळेत जाण्याआधीच पाठ होता. काळी म्हणजे पूतना असंही काही जण सांगतात. पण नागपूरच्या जुन्या वस्त्यांत विचारा, उत्तर बहुधा बाकाबाईच येईल.

या पुस्तकाची सुरुवात त्या बोटापासून झाली. कागदपत्रं वाचू लागलो तसं एक लक्षात येत गेलं. बाकाबाईनं केलं म्हणून सांगितलं जातं ते तिच्याआधी त्या घरातल्या जवळजवळ प्रत्येकानं केलं होतं. भाऊबंदकी पेटली की बाहेरचा पंच बोलवायचा, तो निवाड्याची दक्षिणा घेणार, आणि पुढच्या खेपेला तो न बोलावता येणार. नागपुरावर भोसले आले तेच मुळी असे.

ते प्रकरण आधी सांगायला हवं, कारण नागपूरकर ते सहसा सांगत नाहीत. हे शहर भोसल्यांनी वसवलेलं नाही. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह यानं १७०२च्या सुमारास बारा लहान वस्त्या जोडून ते उभं केलं. त्याचा मुलगा चांद सुलतान १७३९ साली वारला. मागे राणी रतनकुंवर आणि तिची लहान मुलं. बख्त बुलंदचा अनौरस मुलगा वली शाह यानं गादी बळकावली. राणीनं मदतीला वऱ्हाडातल्या मराठा सरदाराला बोलावलं, तो रघूजी भोसले. रघूजीनं वली शाहला हटवलं, मुलांना गादीवर बसवलं, मोबदला घेतला आणि तो परत गेला. इथवर गोष्ट सरळ आहे. पण काही वर्षांतच ती दोन मुलं, बुऱ्हाण शाह आणि अकबर शाह, एकमेकांवर उठली आणि १७४३ साली रघूजी पुन्हा आला. या खेपेला तो परत गेला नाही. अकबर शाह हैदराबादेकडे पळाला आणि तिथं विषानं मेला. बुऱ्हाण शाहला रघूजीनं मारलं नाही, हाकललंही नाही. त्याला नागपुरात ठेवलं, तनखा बांधून दिला, राजा हे नाव राहू दिलं. पुढे भोसल्यांच्या राज्याभिषेकात टिळा लावण्याचा मान या गोंड राजाकडे राहिला. महालात गोंड राजाचा किल्ला अजून आहे.

मला या व्यवस्थेत रघूजीची सगळ्यात मोठी हुशारी दिसते, बंगालच्या स्वाऱ्यांपेक्षाही मोठी. मालक बदलला, पण टिळा लावणारा हात जुनाच राहिला. (पुढे इंग्रजांनी भोसल्यांना नेमकं असंच ठेवलं. रघूजीची युक्ती त्याच्याच पणतवंडांवर चालवली गेली.)

रघूजी स्वतःही भाऊबंदकीतून वर आलेला. घराणं मूळचं साताऱ्याकडच्या देऊरचं. परसोजी भोसल्यानं शाहू महाराजांची बाजू घेतली आणि सेनासाहेब सुभा हा किताब मिळवला. पुढे तो किताब त्याच्या मुलाकडे, कान्होजीकडे, गेला. कान्होजीचं शाहूंशी बिनसलं, तेव्हा त्याच्यावर पाठवला गेला तो त्याच्याच घरातला रघूजी. वणीच्या बाजूला लढाई झाली, कान्होजी कैद झाला आणि किताब रघूजीकडे आला. पुढचं लोकांना माहीत आहे : बंगालवर वर्षामागून वर्ष स्वाऱ्या, १७४४ साली मनकऱ्याला बोलणीच्या निमित्तानं बोलावून बंगालच्या नवाबानं, अलीवर्दी खानानं, केलेला रघूजीच्या सेनानीचा, भास्करराम कोल्हटकराचा घात, आणि १७५१च्या तहानं हाती आलेला ओरिसा व बंगालची बारा लाखांची चौथ. २०२५ साली लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र सरकारनं रघूजीची म्हणून जी तलवार परत आणली, तिचं पातं युरोपी घडणीचं आहे आणि त्यावर देवनागरीत त्याचं नाव आणि किताब. तलवारीची बातमी झाली तेव्हा आमच्याकडे सगळे पहिल्या रघूजीवरच बोलत होते. तो मेल्यानंतर काय झालं, यावर कुणी बोललं नाही.

तो १७५५च्या फेब्रुवारीत मेला. चार मुलगे : जानोजी, साबाजी, मुधोजी, बिंबाजी. वयानं जानोजी थोरला, पण तो धाकट्या राणीचा. मुधोजी वयानं मागे, पण थोरल्या राणीच्या पोटचा. आता थोरला कोण? वयानं की आईच्या मानानं? शास्त्र्यांना या प्रश्नात दोन्ही बाजूंनी बोलता येतं, आणि असे प्रश्न नेहमी तिसऱ्याच्या फायद्याचे असतात. इथं तिसरा होता पुण्याचा नानासाहेब पेशवा. प्रकरण रेंगाळत ठेवून, नजराणे घेऊन त्यानं निकाल दिला. जानोजी सेनासाहेब सुभा. मुधोजीला सेनाधुरंधर हा नवा किताब आणि चांदा. साबाजीला वऱ्हाडाकडे दारव्हा. बिंबाजीला छत्तीसगड, तिथं तो रतनपुरात राहिला आणि १७८७ साली मरेपर्यंत या भानगडींपासून बराचसा लांब राहिला. चौघांत सुखी तोच असावा.

जानोजीनं पुण्याचे उपकार मानले असं दिसत नाही. १७६३ साली तो निजामाबरोबर पुण्यावर चालून गेला, पुणं लुटलं-जाळलं गेलं, आणि त्याच वर्षी राक्षसभुवनाच्या लढाईआधी तो निजामाला सोडून पेशव्याकडे गेला. या उलथापालथीमागे देवाजीपंत चोरघड्यांचं डोकं होतं असं मानलं जातं. पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांपैकी एक पूर्ण शहाणा आपला, हा नागपूरकरांना अभिमान आहे. पण या शहाणपणाचा हिशेब थोरल्या माधवरावानं १७६९ साली चुकता केला. नागपूर लुटून जाळलं, आणि कनकापूरच्या तहात लिहून घेतलं की पेशव्याच्या परवानगीशिवाय फौज वाढवायची नाही. पंचाचा धनी व्हायला चौदा वर्षं लागली.

जानोजीला मूल नव्हतं. त्यानं मुधोजीच्या मुलाला, दुसऱ्या रघूजीला, मांडीवर घेतलं आणि १७७२ साली तो वारला. दत्तक झालेला, वारस ठरलेला, तरी भांडण टळलं नाही, कारण वारस अल्पवयी होता आणि खरा वाद कारभार कुणी पाहायचा हा होता. जानोजीची विधवा दर्याबाई साबाजीकडे झुकली. मुधोजी मुलाच्या नावानं उभा राहिला. दोघांनीही पुण्याकडे पाहिलं, आणि पुण्यात त्या वेळी शनिवारवाड्यातच राघोबाच्या पुतण्याचा, नारायणराव पेशव्याचा, खून पडला होता. नारायणरावानं साबाजीला किताब दिला होता म्हणून राघोबा मुधोजीचा, आणि राघोबा मुधोजीचा म्हणून बारभाई साबाजीचे. अकोल्याकडच्या कुंभारीला भाऊ एकदा लढले, मिटवलं, पुन्हा बिघडलं.

२६ जानेवारी १७७५. नागपूरहून उमरेडकडे जाताना पाचगाव लागतं, त्याच्या माळावर शेवटची लढाई झाली. ती साबाजीनं जिंकली होती. मुधोजीची फौज मोडली, तो हत्तीवर थोड्या माणसांनिशी घेरला गेला. साबाजीला भावाला जिवंत धरायचं होतं. त्यानं आपला हत्ती हाकत अगदी जवळ नेला, मुधोजीच्या हत्तीला हत्ती भिडवला आणि शरण ये म्हणून ओरडला. मुधोजीनं पिस्तूल काढून झाडलं. साबाजी हौद्यातच गेला, आणि जिंकलेली फौज क्षणात बिनधन्याची झाली.

पाचगावला मी तीनदा गेलो आहे. पाहण्यासारखं काही नाही. शेतं आहेत, रस्त्यावर ट्रक आहेत. पण या पुस्तकातलं सर्वांत मोठं प्रकरण तिथलं आहे, कारण त्या एका क्षणात या घराण्याचा सगळा स्वभाव आहे. दोन हत्ती जवळ येईपर्यंत दोघांना वाटत होतं की हे आपसातलं आहे. साबाजी हातात फास नाही, बंदूक नाही, असा जवळ गेला तो भाऊ आहे म्हणूनच. त्यानंतर या घरात कुणीही भावाच्या इतक्या जवळ गेलेलं मला आढळलं नाही.

इथं थोडं इटलीत जायला हवं. मराठी वाचकाला इटलीचा इतिहास मॅकिआव्हेलीपासून ओळखीचा आहे, आणि फ्लॉरेन्सच्या मेदिचींची गोष्टही कुठंतरी कानावर पडलेली असते : सावकारी करत करत राजे झालेलं घर, १४७८च्या एप्रिलात भर चर्चमध्ये, प्रार्थना चालू असताना, प्रतिस्पर्धी पात्सी घराण्यानं धाकट्या मेदिची भावाचा केलेला खून. पण नागपूर समजून घ्यायला मला फ्लॉरेन्सपेक्षा मिलान जास्त उपयोगी पडलं. तिथं स्फोर्झा घराणं होतं. मूळ भाडोत्री सेनानायकाचं, तलवारीच्या जोरावर गादीवर आलेलं, अगदी आपल्या सरदार घराण्यांसारखं. १४७६ साली ड्यूकचा चर्चमध्ये खून झाला, मागे सात वर्षांचा जान गालेआत्सो. काका लुदोविको यानं मुलाच्या आईला बाजूला सारून कारभार हातात घेतला. मुलगा मोठा झाला, त्याचं लग्न नेपल्सच्या राजाच्या नातीशी झालं, तरी काका कारभार सोडीना. नेपल्सकडून दबाव येऊ लागला. तेव्हा लुदोविकोनं आल्प्सपलीकडच्या फ्रान्सच्या राजाला, आठव्या शार्लला, नेपल्सवर उतरायला उत्तेजन दिलं. १४९४ साली शार्ल खरोखरच उतरला. त्याच शरद ऋतूत पुतण्या मेला, विषप्रयोगाची कुजबुज झाली, आणि लुदोविको ड्यूक झाला.

फ्रेंचांना रस्ता ठाऊक झाला होता. पाच वर्षांनी बारावा लुई आला तो नेपल्ससाठी थांबला नाही, त्यानं मिलानच घेतलं. त्याची आजी मिलानच्या जुन्या व्हिस्कोंती घराण्यातली, म्हणून तो तर स्वतःला वारसच म्हणवत होता. १५०० साली नोव्हाऱ्याला लुदोविको स्विस शिपायाचा वेष घेऊन रांगेतून निसटू पाहत होता, त्याच्याच भाडोत्र्यांनी त्याला दाखवून दिलं. फ्रान्समध्ये कैदेत १५०८ साली तो मेला. ज्याच्या पदरी लिओनार्दो दा विंचीनं 'शेवटचं भोजन' रंगवलं, तो हाच लुदोविको.

आता नागपुरात परत. मुधोजी १७८८ साली गेला आणि दुसरा रघूजी खऱ्या अर्थानं धनी झाला. हा गृहस्थ मला आवडतो असं नाही, पण त्याचा कंटाळा येत नाही. १८०३ साली अडगाव आणि गाविलगड इथं इंग्रजांकडून मार खाल्ल्यावर देवगावच्या तहात कटक गेलं, वर्धा नदीपलीकडचं वऱ्हाड गेलं, उत्पन्नाचा मोठा भाग गेला. मग त्यानं काटकसर, वसुली आणि दुकानदारी असा सपाटा लावला की लोक त्याला थोरला बनिया म्हणू लागले. फ्लॉरेन्सला सावकाराचा राजा झाला होता, इथं राजाचा सावकार झाला. तैनाती फौजेच्या तहावर सही करायला मात्र तो मरेपर्यंत तयार झाला नाही. त्याचा हा हट्ट नागपूरच्या गौरवगाथांत क्वचितच येतो. बनियाला कोण गौरवणार.

२२ मार्च १८१६ला तो मेला आणि पुढच्या पावणेदोन वर्षांत सगळं संपलं. मुलगा परसोजी शरीरानं पंगू, बुद्धीनं दुबळा. त्याच्या भोवती दोन पक्ष. एकीकडे सावत्र आई बाकाबाई आणि रघूजीचा दासीपुत्र धर्माजी, ज्यांच्या हाती वाडा, खजिना आणि खुद्द परसोजी होता. दुसरीकडे चुलतभाऊ आप्पासाहेब, रघूजीच्या धाकट्या भावाचा, व्यंकोजीचा मुलगा. इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स दोघांकडे पाहत होता आणि दोघंही त्याच्याकडे. आप्पासाहेब आधी पोचला. धर्माजी पकडला गेला आणि कैदेत मारला गेला. मे महिन्याच्या अखेरीस, मध्यरात्री, दुसऱ्या रघूजीनं तेरा वर्षं टाळलेल्या तैनाती तहावर आप्पासाहेबाच्या कारभारात सह्या झाल्या. वर्षाला साडेसात लाख रुपये.

पोळ्याच्या गर्दीतल्या कुणाला थांबवून विचारावंसं वाटतं : इंग्रजी फौज नागपुरात आणणारी सही कुणाची होती? बाकाबाई त्या वेळी हरलेल्या पक्षात होती.

१ फेब्रुवारी १८१७च्या सकाळी परसोजी बिछान्यात मेलेला सापडला. आप्पासाहेब चांद्याकडे गेलेला होता. तो परतला, मुधोजी नाव घेऊन गादीवर बसला. गळा दाबून खून झाला असं पुढे ठरलं, आणि तसंच सर्व पुस्तकांत लिहिलेलं असतं. मी या पुस्तकात तेच लिहिलं आहे, पण वाचकानं एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या वर्षी इंग्रजांनी नव्या राजाला बिनबोभाट मान्यता दिली. खुनाची चौकशी आणि साक्षी-पुरावे पुढे आले ते सीताबर्डीची लढाई झाल्यावर, आप्पासाहेबाला काढायचं ठरलं तेव्हा. साक्षी खोट्या होत्या असं मी म्हणत नाही. आप्पासाहेबाला हेतू होता, संधी होती, आणि धर्माजीच्या बाबतीत त्याचा हात आधी आखडला नव्हता. पण या हकिगतीचा मूळ साक्षीदार, तपासनीस आणि लाभार्थी एकाच कचेरीत बसलेला होता. आपण नागपूरचा इतिहास ज्यावरून लिहितो त्या साधनांपैकी जेंकिन्सचा १८२७चा अहवाल त्याच कचेरीचा, आणि काशीराव राजेश्वर गुप्त्यांची बखरही इंग्रजी अमल बसल्यानंतरची. यादव माधव काळ्यांच्या 'नागपूर प्रांताच्या इतिहासा'चं ऋण माझ्यावर मोठं आहे. तरी त्यांच्यापुढेही बहुतेक तीच साधनं होती.

२४ नोव्हेंबर १८१७ला आप्पासाहेबानं भर दरबारात पेशव्याकडून आलेली सेनापतीपदाची वस्त्रं घेतली, पुण्याहून बाजीराव पळत सुटल्यालाही तेव्हा आठवडा झाला होता. वेळ साधणं या माणसाला कधी जमलं नाही. २६ आणि २७ तारखेला सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर लढाई झाली. आप्पासाहेबाच्या पदरच्या अरबांनी लहान टेकडी घेतली, मोठी घेता आली नाही. डिसेंबरात ताज्या इंग्रज फौजा आल्या आणि नागपूर पडलं. मार्चमध्ये आप्पासाहेबाला कैद करून अलाहाबादेकडे रवाना केलं, आणि मे १८१८मध्ये जबलपूरच्या वाटेवर तो पहारेकऱ्यांना फितवून, शिपायाचे कपडे चढवून छावणीतून निघून गेला. बिछान्यात उशी होती आणि दोन नोकर तिचे पाय चेपत बसले होते, असं सांगतात. लुदोविको ज्या वेषात धरला गेला त्याच वेषात आप्पासाहेब सुटला. महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आसऱ्यानं, मग असीरगड, पंजाब, हिमालयाच्या पायथ्याची संस्थानं, आणि शेवटी जोधपूर. तिथल्या मानसिंग राजानं त्याला इंग्रजांच्या हवाली केलं नाही. १८४० साली तो तिथंच वारला. त्याच्या भटकंतीवरचं प्रकरण लिहिताना माझा हात थोडा मोकळा सुटला आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावं.

आणि बाकाबाई? आप्पासाहेब गेल्यावर इंग्रजांनी दुसऱ्या रघूजीच्या लेकीच्या मुलाला, दहा वर्षांच्या बाजीबाला, तिसरा रघूजी म्हणून गादीवर बसवलं. राज्य जेंकिन्स चालवत होता, मूल बाकाबाईच्या देखरेखीखाली वाढत होतं. ती इंग्रजांशी जुळवून राहिली हे खरं. १८५७ साली, पंचाहत्तरीच्या घरात असताना, तिनं आपल्या माणसांना उठावापासून रोखलं हेही खरं. मारबतीचा राग तिथला असावा, आणि तो मला समजतो. पण त्याआधी चार वर्षं काय घडलं ते कुणी सांगत नाही.

११ डिसेंबर १८५३ला तिसरा रघूजी वारला. मुलगा नाही, दत्तक नाही. नात्यातल्या यशवंतराव अहेररावाला घ्यावं असं राण्यांचं म्हणणं. रेसिडेंट मॅन्सेलचं मतही वारस मानावा असंच होतं, कलकत्त्याच्या कौन्सिलात जॉन लो यानं खालसा करण्याविरुद्ध लिहून ठेवलं. डलहौसीनं ऐकलं नाही. आजवर या घरातल्या वारसाच्या प्रत्येक भांडणात कुणीतरी बाहेरचा निवाडा करत आला होता, आणि आता भांडणाशिवायच निवाडा झाला. गादीला वारस नाही, सबब गादी पंचाची. यशवंतरावाला पुढे देऊरचे राजे बहाद्दर हा किताब मिळाला. घराणं जिथून निघालं त्या गावाचं नाव.

खालसा झाल्यावर भोसल्यांचे हत्ती, घोडे, बैल नागपुरात मातीमोलानं विकले गेले, जडजवाहीर लिलावासाठी कलकत्त्याला धाडलं गेलं. वाड्यातलं सामान उचलायला माणसं आली तेव्हा म्हातारी बाकाबाई आडवी आली. सामान हललं तर वाड्याला आग लावीन, म्हणाली.

सामान गेलंच. वाडा तेव्हा जळला नाही, तो १८६४ साली जळाला. काळ्या दगडाचा आणि कोरीव लाकडाचा होता म्हणतात. नगारखाना तेवढा वाचला. महालात गेलात तर पाहता येईल.